मुलाला फौजेत धाडावे का? एका ख्रिस्ती वडिलांच्या पत्रास उत्तर

राहुरी तालुक्यातील एका वडिलांचे चार पानी पत्र आले आहे. त्यांचा थोरला मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन नगरच्या महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शिकतो आणि त्याला अग्निवीर म्हणून भरती व्हायचे आहे. मंडळीतील (चर्चमधील) एका पंचांनी सांगितले की फौजेत ख्रिस्ती पोराला देवळात नेऊन वाकायला लावतात आणि नकार दिला तर घरी बसवतात. पुरावा म्हणून त्यांनी मोबाइलवर आलेला न्यायालयाच्या निकालाचा एक संदेश दाखवला. मुलाच्या आईला ‘खून करू नको’ ही आज्ञा आठवते आणि झोप येत नाही. शाळेच्या दाखल्यावर घराण्याची नोंद ‘हिंदू महार’ अशी आहे, तर मंडळीच्या रजिस्टरात तीन पिढ्यांचा बाप्तिस्मा नोंदलेला आहे. अर्जात काय लिहावे, हे त्यांना कळत नाही. आणि शेवटी, थोड्या संकोचाने, ते लिहितात की गावात हल्ली आपल्या लोकांकडे तिरक्या नजरेने पाहिले जाते, प्रार्थनेला चार माणसे जमली तरी चौकशी होते, तेव्हा मुलगा वर्दीत घरी आला तर बोलणाऱ्यांची तोंडे बंद होतील. मी मेकॅनाइज्ड इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला, नगरच्याच एका मंडळीचा सभासद, म्हणून मला काय वाटते ते त्यांनी विचारले आहे.

प्रिय भाऊ, सलाम.

पंचांनी दाखवलेल्या संदेशापासून सुरुवात करतो, कारण तो मलाही निरनिराळ्या गटांतून अनेकदा आला आणि प्रत्येक वेळी त्यातील मजकूर थोडा अधिक भडक झालेला होता. मूळ प्रकरण असे आहे. मार्च 2017 मध्ये सैन्यात दाखल झालेल्या आणि एका चिलखती रेजिमेंटमध्ये शीख जवानांच्या ट्रूपचे नेतृत्व करणाऱ्या एका ख्रिस्ती लेफ्टनंटने रेजिमेंटच्या साप्ताहिक धार्मिक परेडच्या वेळी गाभाऱ्यात प्रवेश करण्यास नकार दिला. तो परेडला जात होता. बूट आणि पट्टा काढून, गरज असेल तेव्हा पगडी घालून अंगणात उभा राहण्याची त्याची तयारी होती. मात्र आत जाऊन पूजेत भाग घेणे आपल्या एकेश्वरवादी श्रद्धेला मान्य नाही, असे त्याचे म्हणणे होते. रेजिमेंटमध्ये मंदिर आणि गुरुद्वारा आहे, पण सर्व धर्म स्थळ नाही, अशीही त्याची तक्रार होती. वरिष्ठांनी अनेकदा समजावले, न्यायालयासमोर आलेल्या माहितीनुसार एका पाळकांनीही त्याची समजूत घातली, तरी तो बधला नाही आणि मार्च 2021 मध्ये त्याला सेवेतून काढण्यात आले. दिल्ली उच्च न्यायालयाने 30 मे 2025 रोजी ती कारवाई कायम ठेवली आणि 25 नोव्हेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानेही त्याची याचिका फेटाळली. न्यायालयांचा मुद्दा असा की हा प्रश्न धर्माचा नसून वरिष्ठाच्या कायदेशीर आदेशाचा आहे आणि ज्याच्या हाताखाली माणसे लढायची आहेत त्याने त्यांच्यापासून वेगळे उभे राहून चालत नाही. ‘ख्रिस्ती जवानांना फौजेतून काढतात’ असे जे फिरते आहे, त्यामागची हकीकत एवढी आहे: एक अधिकारी, एक रेजिमेंट, आणि वर्षानुवर्षे न सुटलेला एक पेच.

आता माझे मत, कारण तुम्ही ते मागितले आहे. शिक्षा जड झाली असे मला वाटते. तो चोर नव्हता, भित्रा नव्हता, आणि अंगणापर्यंत येणाऱ्या माणसाला दुसऱ्या जागी, दुसऱ्या कामावर बदलून हा पेच सोडवता आला असता. जिथे सर्व धर्म स्थळ नाही तिथे ते करायला हवे, हेही त्याचे म्हणणे मला रास्त वाटते. पण मी त्याच ट्रूपमधील सुभेदार असतो तर आमचा साहेब दर आठवड्याला उंबऱ्याबाहेर उभा राहतो हे मलाही खटकले असते. आपल्या फौजेत अधिकाऱ्याने जवानांचा धर्म परेडपुरता आपला मानायचा, ही जुनी रीत आहे. हिंदू कर्नल गुरुद्वाऱ्यात सेवा करतो, शीख मेजर आरती धरतो, मुसलमान कॅप्टन नारळ फोडतो, आणि यांतील कोणीही घरी जाऊन आपला देव बदलत नाही. ज्या माणसामागे उद्या गोळीबारात धावायचे आहे तो आपल्या सणात आपल्याजवळ उभा होता का, हे जवान पाहत असतो. बाहेरच्या माणसाला हा कर्मकांडाचा हट्ट वाटेल. पलटणीत राहिलेल्याला तो तसा वाटत नाही.

आणि तुमचा मुलगा अधिकारी म्हणून चाललेला नाही. तो रांगेतला जवान होणार. त्याच्यासाठी मंदिर परेड म्हणजे ठरलेल्या वेळी, स्वच्छ कपड्यांत, रांगेने येऊन बसणे, भजन ऐकणे, प्रसाद घेणे आणि रांगेने परत जाणे. कोणाचे ओठ हलतात आणि कोणाचे नाहीत हे पाहायला तिथे कोणी नेमलेले नसते. मी नोकरीभर अशा परेडला गेलो, हात जोडून उभा राहिलो आणि मनात प्रभूची प्रार्थना म्हटली. हात जोडले ते माझ्या कंपनीतल्या माणसांना, असे मी स्वतःशी पक्के केले होते. दुसऱ्या बाजूनेही तसेच होते. ज्या धर्माचे जवान पुरेसे असतील त्या धर्माचा धर्मगुरू पलटणीला मिळतो, आणि आम्ही ख्रिस्ती मोजकेच असल्यामुळे आमच्या वाट्याला पाद्री नव्हता. नाताळच्या रात्री लूकच्या शुभवर्तमानातील जन्माची कथा हिंदीतून वाचायचे ते आमचे पंडितजी, अंगात जेसीओची (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसरची) वर्दी आणि कपाळावर गंध. लंगरातील वस्ताद मोठ्या डेगेत वाळू तापवून त्यात डबे पुरायचे आणि त्यांतून जो केक निघायचा तो एका बाजूने करपलेला असे. सीओ साहेबांपासून सफाईवाल्यापर्यंत सगळे तो खात. पंडितजींनी यामुळे आपला धर्म बुडाला असे कधी मानले नाही, आणि त्यांच्या आरतीला उभे राहिल्याने माझा बुडाला असे मलाही वाटले नाही.

पंच शास्त्राचा आधार मागतील, तेव्हा त्यांना बायबलमधील राजांच्या दुसऱ्या पुस्तकातील पाचवा अध्याय काढून द्या. अरामाचा सेनापती नामान कुष्ठरोगातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला सांगतो की यापुढे मी परमेश्वराखेरीज कोणालाही होम अर्पण करणार नाही. पण माझा धनी रिम्मोनाच्या मंदिरात माझ्या हातावर टेकून नमन करतो तेव्हा मलाही वाकावे लागते, तेवढ्याची मला क्षमा व्हावी. हा प्रश्न अक्षरशः एका फौजी माणसाचा आहे. अलीशा त्याला नोकरी सोड म्हणत नाही आणि बेलाशक वाक असेही म्हणत नाही. तो त्याला शांतीने जायला सांगतो. पंच यावर दानिएलाचे पुस्तक उघडतील आणि शद्रख, मेशख, अबेद्नगो या तिघांनी सोन्याच्या मूर्तीपुढे वाकण्यापेक्षा भट्टी पत्करली, असे म्हणतील. तेही खरेच आहे. पवित्र शास्त्रात दोन्ही माणसे आहेत आणि दोन्हींचा मान राखलेला आहे. म्हणून तुमच्या मुलाने आधी ठरवावे की आपण यांपैकी कोण आहोत. मित्राच्या घरी गणपतीच्या आरतीला तो उभा राहतो का? हरेगावला मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेत हिंदू शेजारी येऊन मेणबत्ती लावतात तेव्हा त्याला काय वाटते? दुसऱ्याच्या देवघरात पाऊल ठेवले तरी ज्याच्या मनाला टोचणी लागते त्याची टोचणी खोटी नसते, आणि मी तिची थट्टा करणार नाही. पण अशा मुलाने फौजेच्या रांगेत उभे राहू नये. शाळेत राष्ट्रगीत न गाणाऱ्या केरळमधील मुलांना 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले होते, हे मला माहीत आहे. मात्र राज्यघटनेच्या 33 व्या अनुच्छेदाने सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालण्याचा अधिकार संसदेला दिला आहे, आणि वर्दी घालणाऱ्याने ही गोष्ट वर्दी घालण्यापूर्वी समजून घेतली पाहिजे. आधी सही करायची आणि मग पायरीवर अडून बसायचे, हे स्वतःला आणि पलटणीला दोघांनाही त्रासाचे होते.

वहिनींच्या प्रश्नाला मी लांबलचक उत्तर देणार नाही. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे शिपाई आले आणि आम्ही काय करावे, असे त्यांनी विचारले तेव्हा त्याने त्यांना शस्त्र टाकायला सांगितले नाही. कोणाला धाक घालून पैसे उकळू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधान माना, एवढेच सांगितले. लूकच्या तिसऱ्या अध्यायात हे आहे. (पगाराचा उपदेश अग्निवीरांना अंमळ जास्तच लागू पडतो, त्याकडे पुढे येतो.) शस्त्र हाती धरणेच चूक मानणारे ख्रिस्ती पंथ जगात आहेत आणि त्यांची साक्ष हलकी नाही. पण माझा अंदाज असा आहे की वहिनी आज्ञेचे नाव घेतात आणि काळजी मुलाची करतात. तसे असेल तर त्यांना वचने ऐकवू नका. त्यांना बोलू द्या. सैनिकाच्या आईला वाटणारी भीती रास्त असते आणि ती घालवण्याचा कोणताही उपाय मला सापडलेला नाही. माझ्या आईची मी पेन्शनवर येईपर्यंत गेली नव्हती.

दाखल्याचा प्रश्न तुम्ही ओझरता विचारला आहे, पण मला तो देवळाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो. आपल्या जिल्ह्यात ही गोष्ट घरोघर आहे आणि तिच्याबद्दल उघडपणे कोणी बोलत नाही. आजोबा मिशनच्या शाळेत शिकले, बाप्तिस्मा झाला, आणि तरीही कागदावर जुनी जात राहिली. कधी गुरुजींनी लिहिली म्हणून, कधी सवलत जाऊ नये म्हणून. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, 1956 मध्ये त्या शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. हा अन्याय आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्याने गावातील वस्तीची जागा बदललेली नाही. पण अन्याय आहे म्हणून कागदावर एक आणि उपासनेत दुसरे, हे आता चालणार नाही. पुद्दुचेरीच्या एका महिलेच्या प्रकरणात नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्टच सांगितले: जी व्यक्ती ख्रिस्ती श्रद्धा पाळते तिने आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करणे म्हणजे घटनेशी प्रतारणा आहे. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात धरतात. ते खरे प्रमाणपत्र तेवढे काढा.

फौजेच्या भरतीत जातीचे आरक्षण नसतेच, त्यामुळे खोटे लिहून तिथे मिळणारही काही नाही. उलट भरतीच्या वेळी चुकीची माहिती देणे हा सैन्य कायद्याने गुन्हा आहे. शिवाय फौज त्या रकान्याचा उपयोग करते. प्रशिक्षण संपल्यावर कसम परेडला प्रत्येक जवान आपापल्या धर्मग्रंथासमोर शपथ घेतो. तुमच्या मुलाच्या कागदावर दुसरे काही लिहिलेले असेल तर त्याच्यासमोर गीता येईल, आणि ज्याला देवळाच्या गाभाऱ्याची चिंता आहे त्याने आयुष्यातील सर्वांत मोठी शपथ दुसऱ्याच्या ग्रंथावर घ्यावी, हे मला समजत नाही. आणि तो रकाना आणखी एका प्रसंगी पाहिला जातो, तेव्हा जवान स्वतः बोलायला नसतो. त्याला पुरायचे की जाळायचे, हे त्यावरून ठरते. हा परिच्छेद वहिनींना वाचून दाखवू नका, पण तुम्ही दोनदा वाचा.

आता पैशाचे. अग्निवीरांना चार वर्षांसाठी घेणारी अग्निपथ योजना 14 जून 2022 रोजी जाहीर झाली आणि तिचा हिशेब साधा आहे. पहिल्या वर्षी महिना 30,000 रुपये, त्यांतील 30 टक्के निधीत जातात आणि हातात 21,000 येतात; चौथ्या वर्षी 40,000 आणि हातात 28,000. चार वर्षांत मुलाचे सुमारे 5.02 लाख आणि सरकारचे तेवढेच मिळून, व्याजासह अंदाजे 11.71 लाख रुपये सेवानिधी म्हणून मिळतात आणि त्यांवर प्राप्तिकर नाही. सेवेत असेपर्यंत 48 लाखांचा विमा असतो. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त 25 टक्के मुलांना पुढे कायम घेतले जाते. उरलेल्यांना निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, आणि आम्हाला मिळते ते कँटीनचे कार्ड व दवाखान्याची सोयही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षे 2026-27 च्या हिवाळ्यात पूर्ण होत आहेत, म्हणजे बाहेर पडलेल्यांचे काय होते हे पाहून तुम्हाला ठरवता येईल. केंद्रीय पोलीस दलांत त्यांच्यासाठी राखीव जागा जाहीर झाल्या आहेत, प्रत्यक्षात किती भरतात ते दिसेलच. मला ही योजना आवडत नाही. चिलखती वाहनावरचा चांगला गनर तयार व्हायला वेळ लागतो, आणि चार चांगल्या पोरांपैकी तिघांना घरी पाठवून एकाला ठेवायचे म्हटले की एकमेकांसाठी जीव टाकायला शिकवलेल्या पोरांच्या मनात एकमेकांविषयी स्पर्धा शिरते. पण तुमच्या मुलाने ठरवायचे ते आहे त्या योजनेत ठरवायचे आहे, माझ्या पसंतीच्या नव्हे. त्याने पदवीची नोंदणी चालू ठेवावी. मुक्त विद्यापीठातून ते जमते आणि इग्नूने अग्निवीरांच्या प्रशिक्षणाला पदवीत श्रेयांक देणारा अभ्यासक्रम आखला आहे. आणि त्या 11 लाखांतून घराचा स्लॅब टाकायचा किंवा बहिणीचे लग्न उरकायचे, असे काही तुमच्या मनात असेल तर ते आजच काढून टाका. ती रक्कम त्याची आहे आणि चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी नव्याने उभे राहायला त्याला ती पुरणारही नाही.

शेवटच्या पानावर तुम्ही लिहिले आहे ते मी अनेकदा वाचले. वर्दीने बोलणाऱ्यांची तोंडे बंद होत नाहीत, भाऊ. गंगासागरच्या लढाईत 3 डिसेंबर 1971 रोजी लान्सनायक अल्बर्ट एक्का यांनी शत्रूच्या मशीनगनी बंद पाडताना प्राण दिला. ते आजच्या झारखंडमधील ख्रिस्ती आदिवासी होते आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मुंबईत जन्मलेले जनरल सुनीथ रॉड्रिग्ज 1990 ते 1993 या काळात लष्करप्रमुख होते. ज्याला कळून घ्यायचे आहे त्याला एवढे पुरते, आणि ज्याला घ्यायचे नाही त्याला तुमच्या मुलाची वर्दीही पुरणार नाही. 26 जानेवारीला मी पदके लावून ध्वजवंदनाला उभा असतो तेव्हाही ‘तुम्ही मूळचे कुठले हो?’ असे विचारणारा एखादा भेटतोच. मी त्याला गावाचे नाव, तालुक्याचे नाव आणि जमिनीचा गट क्रमांक सांगतो. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 पासून आहे, मुक्तिफौजेचे (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती पंथाचे) लोक आपल्याकडे कधीपासून गणवेश घालून उपासनेला बसतात. आपण इथलेच आहोत हे सिद्ध करण्यासाठी मुलाची चार वर्षे तारण ठेवण्याची गरज नाही. प्रार्थनेवरून चौकशी होत असेल तर त्याचा रस्ता पोलीस पाटील, सरपंच, तंटामुक्ती समिती आणि गरज पडली तर वकील हा आहे. दार उघडे ठेवा, शेजाऱ्याला चहाला बोलवा, कोणावर जबरदस्ती होत नाही हे त्याला डोळ्यांनी पाहू द्या, आणि धमकी आली तर लेखी तक्रार करा. हे काम तुमचे आणि माझे, पन्नाशी उलटलेल्या माणसांचे आहे. एकोणीस वर्षांच्या पोराच्या खांद्यावर ते देऊन त्याला सीमेवर पाठवू नका, कारण उद्या तो चार वर्षांनी परत आला आणि गाव तसेच राहिले तर आपण कमी पडलो, असे त्याला वाटत राहील.

तुमच्या चार पानांत पंच काय म्हणाले ते आहे, वहिनी काय म्हणाल्या ते आहे, गाव काय म्हणते तेही आहे. मुलगा काय म्हणतो त्याचे एकच वाक्य आहे, आणि त्यात फक्त त्याला जायचे आहे एवढेच कळते. का जायचे आहे? पहाटे उठून तो पळतो का? 1.6 किलोमीटर साडेपाच मिनिटांच्या आत गेले तर धावण्याचे पूर्ण गुण पडतात, दहा पुलअप्स काढल्या तर त्यांचेही पूर्ण गुण मिळतात, आणि त्याआधी संगणकावरची लेखी परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. हे सगळे तो स्वतःहून, कोणी न सांगता करत असेल तर त्याला अडवू नका. मित्र चालले म्हणून किंवा घरातील ताण बघवत नाही म्हणून चालला असेल तर पदवी पूर्ण होईपर्यंत थांबवा. वयोमर्यादेचे गणित अधिसूचना पाहून आधीच मांडून ठेवा, कारण ती संधी फार वर्षे उघडी राहत नाही.

दरम्यान दोन कामे करून घ्या. मंडळीच्या पाळकांकडून बाप्तिस्म्याचा दाखला घ्या आणि जातीच्या प्रमाणपत्रावर धर्म नसेल किंवा चुकीचा असेल तर तहसीलमधून धर्माचा दाखला काढण्यासाठी आत्ताच अर्ज द्या, कारण अधिसूचना निघाल्यावर तिथे रांगा लागतात. आणि मुलाला एखाद्या शनिवारी माझ्याकडे पाठवा. पत्ता संपादकांकडे आहे. त्याला एकट्यालाच येऊ द्या. येताना पळायचे बूट घालून यायला सांगा.